उल्लेखांची खतावणी

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती जी बाजारपेठ उभी आहे, तिचा व्यवहार दोन गोष्टींवर चालत आला आहे: माल आणि पत. माल डोळ्यांना दिसतो, पत दिसत नाही. परंतु जुन्या पेढ्यांवरील मुनीम रोजमेळातील प्रत्येक नोंद खतावणीत ज्याच्या-त्याच्या नावावर उतरवीत असे, तेव्हा तो त्या न दिसणाऱ्या पतीचाच हिशेब ठेवीत असे. कोणाकडून काय आले आणि कोणाचे किती देणे आहे, हे लिहून ठेवणारी पेढी टिकते. जी विसरते, ती बुडते.

या पेठेपासून फार दूर नसलेल्या आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या गावोगावांहून माणसे तेथे हातात जाडजूड फाईल घेऊन येतात. त्या फाईलमधील औषधांच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एक नाव असते, मेथोट्रेक्सेट. गोळी लहान, बहुधा पिवळ्या रंगाची, आणि इतर कर्करोग-औषधांच्या मानाने किमतीने अगदी साधी. ती विकत घेणाऱ्या बापाला वा भावाला एवढेच ठाऊक असते की डॉक्टरांनी लिहून दिली आहे. या गोळीच्या खात्यावर कोणाकोणाचे देणे आहे, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

विज्ञानाच्या जगातही अशा देण्यांची खतावणी ठेवली जाते. शास्त्रज्ञ आपला शोधनिबंध प्रसिद्ध करतो, तेव्हा ज्या पूर्वसूरींच्या कामावर तो उभा आहे त्यांची नावे निबंधाच्या अखेरीस देतो. अशा प्रत्येक नोंदीला उल्लेख म्हणतात. युजिन गारफिल्ड या अमेरिकन ग्रंथालयशास्त्रज्ञाने 1955 साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक कल्पना मांडली. अमेरिकेतील वकिलांकडे जुने निवाडे पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतले गेले हे दाखवणारी सूची फार पूर्वीपासून होती. तशीच सूची विज्ञानासाठी का असू नये, असा त्यांचा प्रश्न होता. 1964 पासून ही सूची छापील रूपात येऊ लागली. कोणता निबंध पुढे किती जणांनी आधाराला घेतला, हे प्रथमच मोजता येऊ लागले. आज शास्त्रज्ञाची नेमणूक, बढती, अनुदान आणि पारितोषिक यांच्या निर्णयांत हा आकडा बोलतो. बाजारात जसे ‘अमक्या पेढीची पत किती’ असे विचारतात, तसे विद्यापीठांत ‘अमक्याचे उल्लेख किती’ असे विचारले जाते.

मेथोट्रेक्सेटची कथा या खतावणीची महती सांगते आणि तिची मर्यादाही दाखवते. तिचा आरंभ मुंबईत झाला.

कथेत शिरण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. कर्करोगाची पेशी ही शरीराचीच पेशी असते, पण थांबण्याचा हुकूम न मानणारी. सतत वाढायचे आणि विभागायचे, तर तिला दोन गोष्टी भरपूर लागतात: जाळण्यासाठी इंधन आणि नवी पेशी उभारण्यासाठी बांधकामाचे साहित्य. पेशीतील या सर्व घडामोडींना चयापचय म्हणतात. इंधनाचा प्रश्न जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात हाती घेतला. पुरेसा प्राणवायू असतानाही अर्बुदाच्या पेशी साखर अर्धवट वापरून आंबवतात आणि त्यामुळे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक साखर ओढून घेतात, असे त्यांना आढळले. आज ज्या पेट स्कॅनसाठी रुग्णाला रांगेत थांबावे लागते, तो पेशीची हीच हाव वापरतो. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखरेसारखी द्रव्ये शरीरात सोडली की ती जेथे अधिक साठतात ती जागा चित्रात उजळते. वारबुर्ग यांचे हे काम मधली काही दशके बरेचसे बाजूला पडले होते. जनुकांच्या अभ्यासाचा बहर ओसरल्यावर, विशेषतः 2000 नंतर, संशोधक पुन्हा चयापचयाकडे वळले आणि जुन्या निबंधांच्या खात्यावर नव्याने उल्लेख जमा होऊ लागले. त्या निबंधांत मधल्या काळात एक अक्षरही बदलले नव्हते. गिऱ्हाईक मात्र उशिरा आले.

मेथोट्रेक्सेट दुसऱ्या प्रश्नातून, म्हणजे बांधकामाच्या साहित्यातून निघाले.

1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एका विशिष्ट पंडुरोगाचा अभ्यास सुरू केला. गर्भवती स्त्रियांना, आणि त्यांतही कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब कुटुंबांतील स्त्रियांना, हा रोग गाठत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मोठ्या होत. बाळंतपणात अनेकींचा जीव जात असे. विल्स यांनी प्रथम जंतूंचा संशय तपासला आणि तो फोल ठरल्यावर त्या आहाराकडे वळल्या. ज्या घरांत पालेभाजी, फळे आणि सकस अन्न कमी, त्या घरांत हा रोग अधिक, असे चित्र त्यांना दिसले. प्रयोगशाळेतील उंदीर आणि माकडे यांच्यावर त्यांनी तसाच निकृष्ट आहार देऊन प्रयोग केले. आजारी माकडावर यीस्टच्या अर्काचा, बाजारात मार्माइट या नावाने मिळणाऱ्या काळ्या चाटणाचा, गुण आला. मग तोच अर्क रुग्ण स्त्रियांना देण्यात आला आणि त्यांचे रक्त सुधारू लागले. 1931 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अर्कात नेमके कोणते द्रव्य आहे, हे त्या सांगू शकल्या नाहीत. जगाने त्या अनामिक द्रव्याला ‘विल्स यांचा घटक’ असे नाव दिले.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांचे कापड देशभरच्या पेठांत जात असे. ताग्यावर गिरणीचा छाप असे आणि व्यापारी त्या छापावर विश्वास ठेवून माल उचलीत. गिरणगावातील ज्या स्त्रियांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांचा छाप मात्र कोणत्याही ताग्यावर नाही आणि त्यांची नावे कोणत्याही खतावणीत नाहीत. त्या मुक्या जिवांचे देणेही तसेच अलिखित राहिले.

1941 साली अमेरिकेतील संशोधकांनी काही टन पालकाच्या भाजीतून ते द्रव्य वेगळे केले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ हे नाव मिळाले. आज घरातील सुनेला वा लेकीला दिवस राहिले की डॉक्टर ज्या गोळ्या सर्वप्रथम लिहून देतात, त्यांत हेच फॉलिक ॲसिड असते. गर्भाची पेशी झपाट्याने विभागत असते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी जनुकीय द्रव्याची नवी प्रत तयार करावी लागते आणि त्या कामाला लागणारे साहित्य पुरवण्यात फॉलिक ॲसिडचा मोठा वाटा असतो.

आता कथेत येल्लाप्रगडा सुब्बाराव येतात. त्यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी आंध्रातील भीमवरम येथे झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते खादी वापरू लागले. शल्यक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही आणि सुब्बाराव यांना पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. एका कापडाच्या निवडीची ही किंमत होती. सासऱ्यांच्या आर्थिक मदतीने ते 1920 च्या दशकाच्या आरंभी बोस्टनला गेले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करू लागले.

1925 साली फिस्क आणि सुब्बाराव यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरसचे प्रमाण रंगाच्या छटेवरून मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पद्धत सोपी आणि भरवशाची होती. जगातील प्रयोगशाळांनी ती उचलली आणि त्या एका निबंधाच्या खात्यावर पुढील दशकांत हजारो उल्लेख जमा झाले. 1929 साली याच दोघांनी स्नायूंतून एटीपी हे द्रव्य शोधून काढले. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले होते. पेशीतील शक्तीची देवाणघेवाण ज्या चलनात होते, ते चलन म्हणजे एटीपी. आज शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकात हे नाव असते.

एवढे काम करूनही हार्वर्डमध्ये सुब्बाराव यांना कायमची जागा मिळाली नाही. 1940 साली ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ली या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने 1945 साली फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले. लुसी विल्स यांनी मुंबईत ज्याची चाहूल घेतली होती, ते द्रव्य आता हवे तेवढे बनवता येऊ लागले.

बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ रक्ताच्या कर्करोगाने दगावणारी मुले रोज पाहत होते. त्या काळी या मुलांच्या हाती काही आठवडे, फार तर काही महिने असत. फॉलिक ॲसिडसदृश द्रव्ये दिली असता काही मुलांतील रोग उलट अधिक वेगाने वाढतो की काय, असे फार्बर यांना जाणवले. निराश होऊन थांबण्याऐवजी त्यांनी त्या अपयशाचा अर्थ लावला: फॉलिक ॲसिडने रोग पोसला जात असेल, तर त्याची रसद तोडली पाहिजे. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेकडे फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण काम न करणारी द्रव्ये तयार होत होती. एखादी बनावट हुंडी खऱ्या हुंडीच्या जागी पेढीवर जाऊन अडकून बसावी आणि खरा व्यवहारच ठप्प व्हावा, तसे हे औषध काम करते. ते पेशीतील यंत्रणेला चिकटते, खऱ्या फॉलिक ॲसिडला काम करू देत नाही आणि नव्या पेशीचे बांधकाम थांबते.

1947 च्या अखेरीस अमिनोप्टेरिन हे असे द्रव्य मुलांना देण्यास सुरुवात झाली. 3 जून 1948 रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. 16 मुलांपैकी 10 मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. निबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. फार्बर यांनी कोणालाही खोटी आशा दाखवली नाही. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे सारता येतो, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. अमिनोप्टेरिनचेच अधिक सुरक्षित भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. 1956 साली अमेरिकेत याच औषधाने वारेच्या पेशींतून उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग झालेल्या स्त्रियांना बरे करण्यात आले. आज इतर औषधांच्या जोडीने मेथोट्रेक्सेट मुलांच्या सर्वांत नेहमीच्या रक्तकर्करोगावरील उपचारात असते आणि उत्तम उपचारकेंद्रांत अशा दहा मुलांपैकी आठ-नऊ बरी होतात.

सुब्बाराव यांनी यातील फारसे पाहिले नाही. तो निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट 1948 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी ते गेले. त्या निबंधाच्या लेखकांत त्यांचे नाव नाही.

या साऱ्याचा हिशेब मांडला तर काय दिसते? फॉस्फरस मोजण्याच्या साध्या पद्धतीच्या खात्यावर हजारो उल्लेख जमा आहेत. याच माणसाने सहकाऱ्यासह शोधलेल्या एटीपीबद्दल जगात सतत निबंध लिहिले जातात, पण त्यांपैकी जवळजवळ कोणीही 1929 च्या त्या निबंधाचे नाव घेत नाही. ती गोष्ट आता सर्वांची झाली आहे. विज्ञानाच्या इतिहासकारांनी या घटनेची दखल घेतली आहे: शोध जितका मोठा आणि जितका सर्वमान्य, तितके त्याच्या कर्त्याचे नाव लवकर पुसले जाते. पाण्याचा नळ उघडताना विहीर खणणाऱ्याची आठवण कोण काढतो? लुसी विल्स यांचेही तेच झाले. प्रत्येक गर्भवतीच्या हातातील गोळीत त्यांच्या कामाचा अंश आहे, आणि गोळी देणाऱ्या दहा डॉक्टरांपैकी एखाद्यालाच त्यांचे नाव आठवेल.

देणगीदाराच्या नावाचा संगमरवरी फलक आणि गुप्तदान यांतील भेद व्यापारी घरांना समजावून सांगावा लागत नाही. फलक असणे गैर नाही. त्यामुळे दात्याचा मान राहतो आणि इतरांना प्रेरणा मिळते. परंतु धर्मशाळेचा उपयोग फलकावरील अक्षरांच्या उंचीवरून ठरत नाही. तेथे रात्री किती थकलेल्यांना पाठ टेकायला जागा मिळाली, यावरून ठरतो. उल्लेखांचा आकडा हा विज्ञानाचा फलक आहे. तो काहीतरी खरे सांगतो, पण सर्व सांगत नाही. वापरायला सोपी पद्धत फार उद्धृत होते. ज्या विषयात काम करणारे जास्त, त्या विषयातील निबंधांना उल्लेखही जास्त मिळतात. चुकीचा ठरलेला निबंधही, तो चुकीचा का हे सांगण्यासाठी, पुष्कळदा उद्धृत होतो. आणि जसे काही व्यापारी आपसांत बिले फिरवून उलाढाल फुगवतात, तसे एकमेकांचे उल्लेख करून आकडा वाढवणारेही असतात.

हा विषय केवळ शास्त्रज्ञांच्या बढतीपुरता असता, तर कुटुंबाच्या मासिकात त्याचे प्रयोजन नव्हते. परंतु घरात कर्करोगाचे निदान होते, त्या आठवड्यात नातेवाइकांच्या मोबाईलवर संदेशांचा पाऊस पडतो. ‘नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले आहे, साखर बंद करा, कर्करोग उपाशी मरेल.’ ‘या संशोधनाला हजारो उल्लेख मिळाले आहेत.’ हा नोबेल विजेता म्हणजे वारबुर्ग. त्यांना 1931 साली मिळालेले पारितोषिक पेशीच्या श्वसनातील एका विकराच्या शोधासाठी होते, कर्करोगाचे कारण वा उपाय शोधल्याबद्दल नव्हते. कर्करोगाची पेशी साखर अधिक ओढते, हे खरे आहे. पण जेवणातील साखर बंद केली तरी यकृत इतर अन्नापासून साखर बनवून रक्तात सोडतच राहते. अर्बुद उपाशी मरत नाही, रुग्ण मात्र वाळतो. आणि वजन घटलेल्या, अशक्त झालेल्या रुग्णाला पुढचे उपचार पेलत नाहीत. म्हणून उपचार चालू असताना आहारातील मोठा बदल, दीर्घ उपवास वा एखादा अर्क घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारणे हेच शहाणपणाचे.

जाणता व्यापारी नवा माल घेताना केवळ छाप पाहत नाही. तोच बाणा येथेही उपयोगी पडतो. ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाक्य समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. हा प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवर झाला, प्राण्यांवर झाला की माणसांवर? माणसांवर झाला असेल तर किती जणांवर, आणि उपचार न घेतलेल्यांशी वा दुसरा उपचार घेतलेल्यांशी तुलना केली होती काय? आणि इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसेच फळ मिळाले काय? फार्बर यांच्या 16 मुलांपासून आजच्या यशापर्यंतचा मार्ग याच प्रश्नांनी, हजारो मुलांवरील काळजीपूर्वक तुलनेने, पायरीपायरीने चढला गेला आहे.

मेथोट्रेक्सेटविषयी एक सूचना मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. ही गोळी संधिवातासाठीही कमी मात्रेत दिली जाते, त्यामुळे ती पुष्कळ घरांत आढळते. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मुलांच्या रक्तकर्करोगाच्या दीर्घ उपचारातही गोळीच्या रूपात ती बहुधा आठवड्याच्या ठरलेल्या दिवशीच असते. चुकून रोज घेतली गेल्याने जिवावर बेतल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा आणि घरातील एकाच जबाबदार व्यक्तीने गोळी द्यावी. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर स्वतः लिहून देतात तेव्हा ती अवश्य घ्यावी, पण ‘शक्तीसाठी’ म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला ती आपल्या मनाने सुरू करू नये. या दोन गोळ्यांचे नाते किती जुने आणि किती नाजूक आहे, ते वर आलेच आहे.

संध्याकाळी शहागंजातील दुकाने मिटताना दिवसाचा मेळ बसवला जातो. एक रुपयाचा फरक आला तरी जुना मुनीम तो सापडेपर्यंत उठत नसे, मग तो येणे असो वा देणे. आमखासजवळच्या रुग्णालयातून त्याच वेळी एखादा बाप हातात पिवळ्या गोळ्यांची पट्टी घेऊन बाहेर पडत असतो. त्या पट्टीवर किंमत छापलेली असते आणि ती तो चुकती करतो. परळच्या प्रयोगशाळेतील एक डॉक्टर, गिरणगावातल्या अनाम बाया, खादी घातली म्हणून पदवीला मुकलेला एक विद्यार्थी, बोस्टनच्या वॉर्डातील 16 मुले, यांचे देणे त्या किमतीत धरलेले नाही. ते फेडता येण्याजोगेही नाही. पण त्या बापाच्या मुलाने उद्या मोठे होऊन विचारले, ‘मला कोणी वाचवले?’ तर सांगण्यासारखी नावे घरात कोणाला तरी ठाऊक असावीत.